चार जुलैच्या सुट्टीत सहकुटुंब बेसबॉल सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांत तोच प्रश्न निघतो. मुलांना बेसबॉल बघायचाय, भारतातून आलेल्या आजी-आजोबांना अमेरिका दाखवायचीय आणि सुट्टी मात्र तुटपुंजी. तिन्ही गोष्टी एकाच गाडीत बसवता येतात. खालची उत्तरं मुख्यतः पूर्व किनाऱ्यावरून निघणाऱ्यांसाठी आहेत, पण बरीचशी कुठेही लागू पडतील.

आखणीची सुरुवात कुठून करायची? हॉटेलपासून, तिकिटांपासून की नकाशापासून?

वेळापत्रकापासून. बाकी सगळं नंतर. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. त्यातले निम्मे घरच्या मैदानावर, निम्मे बाहेर. संघ एकदा दौऱ्यावर गेला की आठ-दहा दिवस परत फिरकत नाही. म्हणजे तुम्ही हौसेने बॉल्टिमोरला पोचाल आणि ओरिओल्स नेमके कॅलिफोर्नियात असतील. एका मैदानावर दोन संघांची तीन-चार दिवसांची मालिका असते. प्रवासामुळे सोमवारी आणि गुरुवारी बऱ्याच संघांना सुट्टी असते, त्यामुळे लांबचं ड्रायव्हिंग त्या दिवशी ठेवावं.

कागदावर तारखा आडव्या आणि शहरं उभी लिहा. जिथे संघ घरी आहे तिथे खूण करा. मग चार जुलैच्या चौकटीत कुठल्या शहरासमोर खूण आहे ते बघा. तो तुमचा मुख्य सामना. बाकीची शहरं त्याच्या अलीकडे-पलीकडे जोडायची. उलटं केलंत, म्हणजे आधी शहरं ठरवलीत, तर तारखा तुम्हाला नाचवतील.

चार जुलैच का? मेमोरियल डे किंवा लेबर डे चालणार नाही का?

चालेल की. मेमोरियल डे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आणि लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो, म्हणजे दोन्हींना तीन दिवसांची सुट्टी पक्की. पण मेअखेरीस ईशान्येकडच्या बऱ्याच शाळा सुरू असतात आणि लेबर डेला नवीन वर्गाची गडबड असते. चार जुलैला मुलं मोकळी असतात, आजी-आजोबाही बहुधा आलेले असतात.

एक सांभाळा. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामना, म्हणजे सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा सामना असतो, नेहमीप्रमाणे मंगळवारी, आणि त्याच्या आगेमागे मिळून सुमारे चार दिवस मेजर लीगचे नेहमीचे सामने बंद असतात. ‘चार जुलैला गर्दी असते, आपण पुढच्या आठवड्यात निघू’ म्हणणारे नेमके त्यात सापडतात. २०२६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या २५०व्या वर्षी, हा सामना १४ जुलैला फिलाडेल्फियाच्या वाट्याला.

उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही अनेकदा याच सुट्टीच्या आसपास आलेलं आहे. तिकडे जाणार असाल तर त्या शहराचा संघ घरी आहे का एवढं बघून ठेवा. नाटकांच्या मधली एखादी संध्याकाळ कारणी लागेल.

पूर्व किनाऱ्यावरून निघणाऱ्यांसाठी कुठला मार्ग चांगला?

माझं मत विचाराल तर फिलाडेल्फिया, बॉल्टिमोर, वॉशिंग्टन आणि जमलं तर परतीला पिट्सबर्ग.

न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया जेमतेम ९५ मैल, तिथून बॉल्टिमोर १०० च्या आसपास आणि बॉल्टिमोर-वॉशिंग्टन तर अवघे ४० मैल. आय-९५ वर टोल भरपूर, म्हणून ई-झेडपास आधीच भरून ठेवा. फिलाडेल्फियाच्या मैदानात उजव्या-मध्य भागाच्या मागे भलीमोठी नकली लिबर्टी बेल उभी आहे. यजमानांनी होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला की ती दिव्यांनी उजळून हलते. दुसऱ्या दिवशी सकाळी खरी घंटा आणि इंडिपेन्डन्स हॉल दाखवता येतो. फिली फॅनॅटिक नावाचा हिरवा केसाळ प्राणी, म्हणजे फिलीज संघाचा शुभंकर, १९७८ पासून तिथे धुडगूस घालतोय. सहा वर्षांखालची मुलं त्याच्यावर एकतर फिदा होतात नाहीतर भोकाड पसरतात.

बॉल्टिमोरचं कॅम्डेन यार्ड्स मात्र घाईत उरकू नका. १९९२ साली हे मैदान उभं राहिलं आणि शहराबाहेरच्या सिमेंटच्या वाडग्यांची फॅशन तिथून ओसरत गेली. उजव्या बाजूला बी अँड ओ रेल्वेचं लाल विटांचं जुनं गोदाम आहे, लांबी हजार फुटांच्या वर. ते पाडायचं नाही असं ठरलं आणि मैदान त्याच्या कुशीत बसवलं गेलं. गोदाम आणि मैदान यांच्यामधल्या युटॉ स्ट्रीटवर खाली बघत चाला. जमिनीत चेंडूच्या आकाराच्या पितळी चकत्या बसवलेल्या आहेत. सामन्यात मारलेला होमरन जिथे पडला तिथे एक चकती, तिच्यावर खेळाडूचं नाव, तारीख आणि अंतर. मुलांना ‘सगळ्यात लांबची शोध’ म्हणून सोडलं की पाऊण तास निश्चिंती. गोदामाच्या भिंतीला थेट चेंडू लावला तो केन ग्रिफी ज्युनिअरने, १९९३ च्या होमरन डर्बीत, म्हणजे होमरन मारण्याच्या स्पर्धेत. त्याचीही खूण भिंतीवर आहे. बेसबॉलचा दिग्गज बेब रूथचा जन्म याच भागात झाला. ते घर आता संग्रहालय आहे आणि मैदानापासून चालत जाता येतं.

वॉशिंग्टनला नॅशनल्स घरी असतील तर चार जुलैचा सामना बऱ्याच वर्षी सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो. सामना, मग हॉटेलवर वामकुक्षी, संध्याकाळी नॅशनल मॉलवरची आतषबाजी. सुट्टीच्या दिवसाची याहून चांगली मांडणी मला तरी माहीत नाही.

पिट्सबर्ग लांब आहे, वॉशिंग्टनहून अडीचशे मैलांच्या आसपास आणि तिथून मध्य न्यू जर्सीला परत यायला आणखी साडेतीनशे. पण पीएनसी पार्कमधून नदीपलीकडे दिसणारं शहर बघून खेळाशी देणंघेणं नसलेली माणसंही मोबाइल काढतात. पलीकडच्या काठावर गाडी लावायची आणि इथल्या पायरेट्स संघाचा लाडका खेळाडू रोबर्टो क्लेमेंटे याच्या नावाचा पिवळा पूल चालत ओलांडायचा. सामन्याच्या दिवशी त्यावर वाहनं बंद असतात. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ ला क्लेमेंटेचं विमान कोसळलं. त्याच्या नावावर तेव्हा बरोबर ३००० हिट्स होते. त्याचा क्रमांक २१ म्हणून उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच आहे. आणि आजी सोबत असतील तर शहराच्या पूर्वेला पेन हिल्सला १९७० च्या दशकातलं वेंकटेश्वराचं मंदिर आहे, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या मोठ्या हिंदू मंदिरांपैकी एक. सकाळी बालाजी, संध्याकाळी पायरेट्स. तक्रारीला जागा राहत नाही.

न्यूयॉर्क आणि बोस्टन का नाही घेतलं?

न्यूयॉर्कसाठी सफर कशाला, ते शनिवार-रविवारी होतं. मेट्सच्या मैदानाला ७ नंबरची सबवे जाते आणि तिथून जवळच फ्लशिंगला गणपतीचं देऊळ आहे. देवळाच्या कॅन्टीनमध्ये डोसा खाऊन सामन्याला जाणारी मंडळी मी बघितली आहेत. बोस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं, मेजर लीगमधलं सगळ्यात जुनं. ते बघावंच. पण खुर्च्या अरुंद आहेत आणि काही जागांसमोर चक्क खांब येतो. तिकिटावर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलंय का ते वाचा.

किती मैदानं घ्यावीत?

आठवड्यात तीन. फार तर चार. ‘रोज एक’ असा बेत कागदावर छान दिसतो, पण तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला पार्किंगमधून बाहेर पडताना मागच्या सीटवर झोपलेलं पोर, पुढे गुडघे धरून बसलेले आजोबा आणि अजून शंभर मैल, अशी अवस्था होते. सामन्याच्या रात्री त्याच शहरात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघायचं. मैदानांची संख्या वाढवण्यापेक्षा एका मैदानावर दोन तास आधी पोचण्यात जास्त गंमत आहे. दारं साधारण दीड-दोन तास आधी उघडतात, तेव्हा पाहुण्या संघाचा फलंदाजीचा सराव चाललेला असतो आणि खेळाडू कुंपणापाशी येऊन मुलांना सह्या देतात.

तिकिटं कधी काढावीत?

चार जुलैची आणि यांकीज-रेड सॉक्ससारख्या लढतींची विक्री सुरू झाल्याबरोबर. बाकीची आठवडाभर आधीही मिळतात, कधीकधी त्याच दिवशी स्वस्तात. भाव विमानाच्या तिकिटांसारखे हलत राहतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे बुधवार-गुरुवार दुपारचे सामने, मालिकेतला शेवटचा. तिकीट फोनवरच येतं, एमएलबी बॉलपार्क अ‍ॅपमध्ये. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर तो फोन चार्ज केलेला हवा, आणि त्या माणसाने पार्किंग शोधायला एकट्याने जाऊ नये. तान्ह्या मुलांना बहुतेक ठिकाणी मांडीवर बसवून फुकट नेता येतं, वयाची मर्यादा संघागणिक बदलते.

उन्हाचं काय? सावलीची जागा कशी ओळखायची?

जुलैची दुपार म्हणजे नव्वद फॅरनहाइटच्या वर पारा, आणि वॉशिंग्टनला दमटपणा मुंबईच्या तोडीचा. फलंदाजाच्या डोळ्यांवर मावळतीचं ऊन येऊ नये म्हणून होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) समोरच्या दुसऱ्या बेसची रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी अशी नियमपुस्तकाची शिफारस आहे. त्यामुळे बहुतेक मैदानांत संध्याकाळच्या सामन्याला सावली आधी तिसऱ्या बेसच्या, म्हणजे होम प्लेटवरून बघता डाव्या, बाजूला येते आणि उजव्या मैदानाकडचे प्रेक्षक तळपत राहतात. सगळी मैदानं ही शिफारस पाळत नाहीत, म्हणून जागा निवडताना नकाशात दिशा बघा. आजी-आजोबांसाठी सोपा उपाय म्हणजे वरच्या मजल्याच्या छपराखाली येणाऱ्या, खालच्या मजल्यावरच्या शेवटच्या रांगा. उंच उडालेला चेंडू क्षणभर दिसेनासा होतो, पण ऊन नाही, पाऊस नाही आणि स्वच्छतागृह चार पावलांवर.

आजोबांना बेसबॉल कळेल का?

जन्मभर क्रिकेट बघितलेल्या माणसाला अर्ध्या तासात कळतो, फक्त सुरुवातीला दोन-तीन गाठी सोडवाव्या लागतात. पहिली, इथे समोरच्या व्ही मध्येच खेळायचं. रेषांच्या बाहेर गेला की फाऊल, म्हणजे लेट कट आणि लेग ग्लान्स विसरा. दुसरी, चेंडू मैदानात मारला की धावावंच लागतं, ‘नको, थांब’ नाही. तिसरी, षटकं नाहीत. तीन बाद झाले की डावाची बाजू बदलते आणि अशा नऊ इनिंग्ज. टप्पा पडत नाही, तरी चेंडू हवेत वळतो, आणि तो का वळला हे आजोबा तुम्हाला सांगतील.

‘इतका वेळ बसायचं?’ ही भीती आता नको. २०२३ पासून चेंडू टाकायला घड्याळ लागलं. त्याआधीच्या वर्षी सामना सरासरी ३ तास ४ मिनिटं चालायचा, तो एकदम २ तास ४० मिनिटांवर आला.

त्यांच्या हातात स्कोअरकार्ड आणि पेन्सिल द्या. ही माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. मैदानावर छापील कार्ड मिळतं, नाहीतर घरून कोरे तक्ते छापून न्या. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस अनुक्रमे ३, ४, ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६ आणि डावीकडून उजवीकडे बाहेरचे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून पहिल्या बेसला गेला, दोघे बाद, तर लिहायचं ६-४-३. तिसऱ्या स्ट्राइकवर (फलंदाजाची चुकलेली किंवा सोडलेली योग्य चेंडूफेक म्हणजे स्ट्राइक) बॅट फिरवून बाद झाला तर के, नुसता बघत उभा राहिला तर उलटा के. क्लबाच्या सामन्यांत स्कोअर लिहिलेले आजोबा दोन इनिंग्जमध्ये रुळतात, आणि नात शेजारी येऊन ‘हे काय लिहिलंत?’ विचारू लागते.

पिट्सबर्गला असाल तर त्यांना आणखी एक सांगा. २००८ साली पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं, अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले ते पहिले भारतीय. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत, पण टीव्हीवरच्या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून तिथवर जाणं काही कमी नव्हतं.

शाकाहारी माणसाला काय खायला मिळतं? डबा नेता येतो का?

प्रेट्झेल, फ्राइज, नाचोज, पॉपकॉर्न, शेंगदाणे कुठेही. व्हेजी डॉग बऱ्याच ठिकाणी असतो, पण तो त्याच तव्यावर भाजतात का हे ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. आनंदाची गोष्ट अशी की बऱ्याच मैदानांत घरचं खाणं आणि पाण्याची सीलबंद बाटली चालते. चित्रपटगृहासारखी अडवणूक नाही. थेपले, दशम्या, चटणी-सँडविच पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत न्या. स्टीलचा डबा नको. काचेची बाटली तर मुळीच नको. फोडणीचा वास येणारं काही उघडलंत तर शेजारचे विचारतील, तेव्हा थोडं जास्त न्या.

बॅगेचे नियम काय आहेत?

मेजर लीगची कमाल मर्यादा १६ × १६ × ८ इंच, पण अनेक संघांचे नियम याहून कडक आहेत. कुठे पाठीवरची सॅक बंद, कुठे फक्त पारदर्शक बॅग. लहान बाळाच्या आणि औषधांच्या बॅगेला सवलत असते. निघायच्या आदल्या रात्री त्या-त्या संघाच्या संकेतस्थळावर बघा, कारण नियम मोसमागणिक बदलतात.

मैदानापर्यंत गाडीनेच जायचं का?

शहराबाहेर हॉटेलवर गाडी ठेवा आणि ट्रेनने जा. पार्किंगचे पैसे वाचतात आणि सामन्यानंतरची तासाभराची कोंडी टळते. फिलाडेल्फियाला ब्रॉड स्ट्रीट लाइनचं शेवटचं स्टेशन, बॉल्टिमोरला लाइट रेल मैदानाला लागूनच, वॉशिंग्टनला ग्रीन लाइनचं नेव्ही यार्ड.

आणि सुट्टीची गर्दी टाळायला तीन जुलैला दुपारी बाराच्या आत रस्त्याला लागा, किंवा सरळ चार तारखेला सकाळी निघा.

पाऊस आला तर पैसे परत मिळतात का?

सहसा नाही. सामना पुढे ढकलला तर तिकीट नव्या तारखेला चालतं, किंवा संघ दुसऱ्या सामन्याचं देऊ करतो. बाहेरगावच्या माणसाला त्याचा उपयोग कमीच, कारण नवी तारीख ऑगस्टमधली असू शकते. पाच इनिंग्ज झाल्या की सामना अधिकृत धरतात, मग मात्र काहीच मिळत नाही. पण जुलैतला पाऊस बहुधा वळवासारखा कोसळतो आणि तासाभरात निघून जातो. ताडपत्री घातली म्हणून घाईने बाहेर पडू नका. मैदानं सुकवण्यात ही मंडळी वाकबगार आहेत.

लहान मुलं दुसऱ्या इनिंगलाच कंटाळली तर?

कंटाळतीलच. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांचे मोठ्या डोक्यांचे मुखवटे घातलेली माणसं शर्यत लावतात, पिट्सबर्गला पिरोगीच्या, म्हणजे करंजीसारख्या पोलिश पदार्थाच्या, वेशातली माणसं धावतात. सातव्या इनिंगच्या मध्यात सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं. रविवारी सामन्यानंतर अनेक संघ मुलांना प्रत्यक्ष बेसवरून धावू देतात. ग्राहक कक्षात ‘माझा पहिला सामना’ असं प्रमाणपत्र बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतं. टोपीच्या दुकानाकडे वळण्याआधी ते घ्या, खिसा वाचेल.

आतषबाजीचा आवाज मात्र मैदानात फार मोठा होतो. तान्ह्यासाठी कान झाकायचे हेडफोन न्या.

खर्च झेपत नाहीये. काही मधला मार्ग?

मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरचे सामने. न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स खेळतात, २०२१ पासून यांकीजचा डबल-ए दर्जाचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ. दुखापतीतून उठलेला एखादा नामवंत खेळाडूही अधूनमधून तिथे सरावाला उतरतो. तिकीट स्वस्त, मैदान लहान, पहिल्या रांगेतून खेळाडूंची बडबड ऐकू येते. बालाजीचं देऊळही त्याच गावात. सफरीत तीनाऐवजी दोन मोठी मैदानं आणि एक हे, असं केलंत तरी मुलांना फरक पडत नाही.

कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांचं संग्रहालय, याच सफरीत बसवावं का?

नाही. १९३९ पासूनचं ते संग्रहालय न्यूयॉर्क राज्यात आल्बनीच्या पश्चिमेला सत्तरेक मैल आत आहे, आय-९५ च्या वाटेवर नाही. त्यासाठी वेगळा शनिवार-रविवार काढा. जुलैअखेरीस नव्या सदस्यांचा समारंभ असतो, त्या दिवसांत गावात खोली मिळणं मुश्कील.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत. टोरोंटोचा सामना बघता येईल?

भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. तो आधीच काढलेला नसेल तर टोरोंटो विसरा. अमेरिकेत फिरतानाही त्यांचे पासपोर्ट हॉटेलच्या खोलीत न विसरता जवळ ठेवा.

आमच्याकडे चेंडू आला तर तो परत द्यायचा?

नाही, तो तुमचा. क्रिकेटसारखा मैदानात फेकू नका, लोक हसतील. फक्त कुंपणावरून आत वाकून खेळात असलेला चेंडू पकडायला जाऊ नका, मैदानाबाहेर काढतात. २०२० पासून सगळ्या मैदानांत जाळ्या लांबवर लावलेल्या आहेत, तरी जाळीपलीकडच्या पुढच्या रांगांत बसताना मोबाइल खिशात असावा, कारण बॅटवरून सुटलेला फाऊल चेंडू विचार करायला वेळ देत नाही. शिकागोच्या रिग्ली फील्डवर मात्र पाहुण्या संघाने मारलेला होमरन हातात आला तर आसपासचे सगळे ‘परत फेक’ म्हणून ओरडतील. तिथले मुरलेले प्रेक्षक त्यासाठी खिशात एक जुना चेंडू घेऊन जातात.